सासऱ्यांचा आवाज

घेवडा पुन्हा करपला होता.

सेकेलाने पाठीवरची चहाच्या पानांची टोपली अजून उतरवलीही नव्हती, तेवढ्यात केळबागेच्या पलीकडून, सुनेच्या चुलीवरून तो वास आला. सोमवारी दूध उतू गेलं होतं. परवा वाळत घातलेली नाचणी कोंबड्यांनी टिपून संपवली. आणि लुगानो काही धांदरट पोरगी नव्हती. लग्न होऊन आल्यापासून तिच्या हातून मिठाचा खडा इकडचा तिकडे झाला नव्हता.

सेकेलाला विचारायचं फार होतं. पण ईस्टरच्या आधीचा उपवासकाळ चालू होता आणि चर्चच्या महिला मंडळातल्या प्रत्येकीने काही ना काही सोडलं होतं. कुणी साखर, कुणी मांस. सेकेलाने शंका सोडली होती. कुणाबद्दल वाईट शंका तोंडातून काढायची नाही, कुणाची उलटतपासणी करायची नाही, असा तिचा नेम. घेतला तेव्हा सोपा वाटला होता. साखर सोडलेल्या बाईने साखरेचा डबा फळीवर उंच ठेवला की भागतं; शंका सोडली की त्या चारही बाजूंनी अंगावर यायला लागतात, हे तिला आता कळत होतं.

"घेवडा आज जरा खरपूस झालाय," ती एवढंच म्हणाली.

"हो आई," लुगानो म्हणाली आणि मान आणखी खाली घातली.

आधी सेकेलाच्या मनात आलं ते चांगलंच आलं. पोटात काही असेल, म्हणून पोरीचं चित्त थाऱ्यावर नसेल. बाजारात भाजक्या मातीचे तुकडे मिळतात, पोटुशीला ते खायला दिसले की हात आवरत नाही. सेकेलाने मूठभर आणून, सहज विसरल्यासारखे, सुनेच्या ओट्यावर ठेवले. दुसऱ्या दिवशी ते तसेच होते. तिसऱ्या दिवशी लुगानोने ते कागदात नीट बांधून परत आणून दिले, "आई, तुमचं काहीतरी राहिलं होतं."

सेकेला धसकली होती त्याला कारण होतं. तिचा मुलगा अम्बोकिले भाड्याची मोटारसायकल चालवायचा. गाडीवर वारा, गाडीवरून उतरला की दगड. काहीही विचारा, "बघतो" म्हणायचा. त्याच्यासाठी मुली बघताना सेकेलाच्या चपला झिजल्या होत्या. शेवटी पलीकडच्या खोऱ्यातल्या किबोनांनी आपली मुलगी दिली, आणि मुलगी अशी, की सेकेला रोज सकाळच्या प्रार्थनेत आधी तिचं नाव घ्यायची, मग स्वतःच्या गुडघ्याचं. ही गेली तर या घरात दुसरी येणार नव्हती.

सेकेला आणि तिचा नवरा म्वाम्बेने यांचं घर वर रस्त्याला लागून. मुलाचं घर खाली, मध्ये केळबाग. हे अंतर असायलाच हवं. सुनेने सासऱ्यासमोर यायचं नाही, त्याचं नाव घ्यायचं नाही, त्याच्या वाटेवर पाऊल टाकायचं नाही. आणि सासऱ्यानेही सुनेच्या वाऱ्याला उभं राहायचं नाही. सेकेलाने स्वतःच्या सासऱ्यांचा चेहरा पहिल्यांदा नीट पाहिला तो त्यांना शवपेटीत ठेवल्यावर. तेव्हा कळलं, की त्यांच्या गालावर खळी होती. म्वाम्बेनेही या बाबतीत चोख. खाली गोठ्याकडे जायचं झालं की वरूनच मोठ्याने बोलत निघायचे, कधी गाईशी, कधी पावसाशी. तो आवाज कानावर पडला की लुगानोने हातातलं टाकायचं, केळबागेत शिरायचं, अंगाभोवतीचं कांग्याचं कापड डोक्यावरून ओढून खाली बसायचं आणि आवाज विरला की परत यायचं. वळून बघायचं नाही. खात्री करायला थांबते ती सून कसली.

सगळं सुरळीत चाललं होतं. त्यात तो विद्यार्थी आला.

शाबानी समुद्राकाठचा मुलगा, दारेसलामच्या विद्यापीठात शिकणारा. चर्चच्या पाळकसाहेबांनी त्याला म्वाम्बेन्यांकडे आणून सोडलं आणि सांगितलं, की हा आपली भाषा शिकायला आलाय. गावाला ते पटलं नाही. हा चहाच्या कारखान्याचा हेर आहे, असं काहींचं मत होतं. काहींच्या मते जमीन मोजणारा. आपली भाषा आपल्याला फुकट येते, तिच्यासाठी कोण याला इतक्या लांब पाठवेल? पण म्वाम्बेने खूश होते. रोज सकाळी ओसरीवर बसायचं, समोर एक लहानशी काळी पेटी ठेवायची आणि तो सांगेल ते आपल्या भाषेत म्हणायचं. एक शेळी कसं म्हणतात, दहा शेळ्या कसं, शेळी या शब्दाचं घराणं वेगळं का आणि झाड या शब्दाचं वेगळं का. म्वाम्बेन्यांचं बोलणं घरात कुणी पुरतं ऐकून घेत नसे. हा मुलगा तर "पुन्हा एकदा म्हणा बाबा" म्हणायचा. राहायला त्याला अम्बोकिलेच्या घरामागची मक्याची खोली दिली होती, कारण सूर्यावर चालणारी वीज त्या एकाच छपरावर होती.

सेकेला आणि लुगानो दोघींनी त्याच्याकडे पाहून न पाहिल्यासारखं केलं होतं. परका पुरुष; जेवणाचं ताट दाराशी ठेवायचं आणि निघायचं.

एका दुपारी चहा खुडताना शेजारची तुपोकिग्वे सेकेलाच्या ओळीत आली. तुपोकिग्वेने उपवासकाळात पाव सोडला होता, बाकी तोंड मोकळं होतं.

"तुझी सून फार देवभोळी दिसते," ती म्हणाली. "दुपारभर केळीत जाऊन बसते. प्रार्थनाच करत असेल म्हणा."

सेकेला पानं खुडत राहिली.

"आत जाते, बसते, बाहेर येते. पुन्हा पळत आत. काल माझं धुणं वाळेपर्यंत मोजायचं सोडून दिलं मी." मग एक पान खुडून, "एकटीच असते म्हणा. मला तरी दुसरं कुणी दिसलं नाही. केळी दाट आहेत तुमच्या."

त्या रात्री सेकेलाला झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी तिने टोपली अर्धीच भरली, गुडघा दुखतोय असं सांगितलं (ते खोटं नव्हतं, गुडघा रोजच दुखायचा) आणि केळबागेच्या लांबच्या टोकाला एका जाड बुंध्यामागे जाऊन बसली. शंका काढायची नाही असा नेम होता. बसायचं नाही असा नव्हता. पाऊस केळीच्या पानांवर ताशा वाजवत होता. बसल्या जागी लाल मुंग्यांची वाट होती हे तिला बसल्यावर कळलं. स्तोत्र म्हणत ती एकेक मुंगी झटकत राहिली.

लुगानो आली. धावत आली, चेहऱ्यावर कांगा, हातात घेवड्याची पळी. खाली बसली. सेकेलाने चारी दिशांना पाहिलं. कुणी आलं नाही. थोड्या वेळाने पोरगी उठली, कान देऊन उभी राहिली आणि घराकडे गेली. चूल फुंकायलाही वेळ झाला नसेल, तर पुन्हा धावत आली. पुन्हा कुणी नाही. चौथ्या खेपेला ती रडत होती.

तेव्हा सेकेलाच्या डोक्यात प्रकाश पडला. पोरगी कुणाकडे धावत नाहीये, कुणापासून तरी धावतेय. आणि दुपारी खाली घरात आहे कोण? अम्बोकिले गाडीवर. म्वाम्बेने चहाच्या काट्यावर पानांचं वजन करायला गेलेले. राहिला तो समुद्राकाठचा पोरगा.

संध्याकाळी सेकेला मक्याच्या खोलीच्या दाराशी ताट घेऊन उभी राहिली आणि आज निघाली नाही. विचारायचं तर नव्हतं. तिने पावसाबद्दल सांगितलं. मग परक्या गावात माणसाने कसं राहावं, परमेश्वर सगळं कसं बघत असतो, आणि मागे एक शिक्षक गावात आला होता त्याला कसं सायकल टाकून पळावं लागलं, तेही सांगितलं. शाबानीने उभं राहून सगळं ऐकलं. त्याला वाटलं, आई आज प्रेमाने बोलतायत. तो म्हणाला, की तुमच्या घरात मला फार सुख आहे. विशेषतः दुपारी तुम्ही सगळे बाहेर असता ना, तेव्हा माझं काम फार छान होतं.

सेकेला ताट त्याच्या हातात देऊन वळली. वाटेत तिने देवाला सांगून टाकलं, की हा नेम माझ्याच्याने पार पडेलसं दिसत नाही.

पण दुसऱ्या सकाळी नळावर तुपोकिग्वेने तिला बाजूला घेतलं, आणि जे सांगितलं त्याने विद्यार्थी बिचारा डोक्यातून पुसला गेला. लुगानोने तुपोकिग्वेजवळ मन मोकळं केलं होतं. सासूला कसं सांगणार? सासूच्याच नवऱ्याबद्दल होतं.

"तुझा म्हातारा रोज दुपारी तिच्या चुलीमागे येऊन उभा राहतो," तुपोकिग्वे कुजबुजली. या वेळी तिच्या आवाजात मजा नव्हती. "आणि बडबडतो. मी तुला मारतो म्हणतो. मी तुला मारीन म्हणतो. शेळीचंही काहीतरी आहे, कुणी चोरली म्हणून. पोरगी पळते, तो थांबतो. ती परत आली, की पुन्हा सुरू."

"हे काट्यावर असतात दुपारी."

"असतील. मी काही काट्यावर जात नाही."

सेकेला गेली. काट्यावरचा कारकून तिच्याच चर्चमधला होता. त्याने जीभ चावत सांगितलं, की बाबांची टोपली रोज येते, पुतण्या घेऊन येतो. बाबा बरेच दिवसांत दिसले नाहीत, तब्येत बरी आहे ना?

रात्रीच्या जेवणाला सेकेलाने नवऱ्यासमोर उकडलेली केळी ठेवली, ताक ठेवलं आणि पदराला हात पुसावेत तसे कांग्याला पुसत विचारलं, "दुपारी कुठे असता?"

नेम मोडला. पण तिने तो जाणूनबुजून मोडला, आणि देवाने समजून घेतलं असावं, कारण काही कोसळलं नाही.

"काट्यावर," म्वाम्बेने म्हणाले आणि केळं सोललेलं असून पुन्हा सोलायला लागले.

लग्नाला तीस वर्षं झाली होती. हा माणूस खोटं बोलताना हातांना काम देतो, हे तिला पहिल्या वर्षी कळलं होतं. म्हणजे मानाचा वडीलधारा, चर्चच्या पहिल्या बाकावर बसणारा, आणि सुनेच्या चुलीमागे. 

शनिवारी किबोना आले. बरोबर त्यांच्या खोऱ्यातले दोन म्हातारे. निरोप त्यांना कुणी पोचवला हे कुणी विचारलं नाही. तुपोकिग्वेची बहीण तिकडेच दिली होती. पाळकसाहेबांना बोलावणं गेलं. बैठक अम्बोकिलेच्या अंगणात, अवोकाडोच्या झाडाखाली ठरली, कारण किबोनांना मुलीला ऐकू जाईल असंच बोलायचं होतं. आता सुनेच्या अंगणात सासऱ्याने बसायचं कसं? बऱ्याच चर्चेनंतर तोड निघाली. लुगानो स्वयंपाकघरात दार लावून बसेल, आणि म्वाम्बेने घराकडे पाठ करून, केळबागेकडे तोंड करून बसतील. तसे ते बसले. टोपी मांडीवर, नजर केळीच्या घडांवर. ज्याची बाजू ऐकायची तोच सगळ्यांकडे पाठ करून बसलाय, अशी ती बैठक होती. अम्बोकिले झाडाला टेकून उभा होता. सगळ्यांनी त्याला विचारून झालं होतं. तो "बघतो" म्हणाला होता.

शाबानी सकाळपासून तुकुयूच्या बाजाराला गेला होता, म्हणून त्याची कुणाला आठवण नव्हती.

सेकेला आत सुनेजवळ बसली. लुगानोचं बोचकं बांधून तयार होतं. सेकेलाने त्याच्या गाठीवर हात ठेवला आणि तसाच राहू दिला. लुगानोनेही तो काढला नाही.

किबोना चांगले बोलले. ओरडले नाहीत. ते म्हणाले, की व्याहीबुवांना मी मानतो. पण माझ्या मुलीला मारायचं असेल तर तिच्या नवऱ्याने मारावं की नाही यावर आपण भांडू, सासऱ्याने तिच्या चुलीमागे उभं राहून मारीन मारीन म्हणावं हे आजवर ऐकलेलं नाही. आणि शेळी चोरल्याचा आळ कशासाठी? आमच्या घरात शेळ्या आहेत.

म्वाम्बेन्यांनी केळीच्या घडांना सांगितलं, की मी असलं काही केलेलं नाही.

"बाबा," पाळकसाहेब हळूच म्हणाले, "दुपारी तुम्ही इथे नसता, तर कुठे असता, तेवढं सांगा. म्हणजे विषय संपला."

"काट्यावर."

"काट्यावर नसता हो," आतून सेकेला म्हणाली.

ती नेहमीसारखी हळूच बोलली होती, पण अंगणात सगळ्यांना ऐकू गेलं. म्वाम्बेन्यांनी मांडीवरची टोपी गोल फिरवायला सुरुवात केली. एका बाजूला सुनेची वाट ओलांडल्याचा कलंक, जो मेल्यावरही निघत नाही. दुसऱ्या बाजूला जे होतं तेही लहान नव्हतं. टोपी थांबली.

"गिरणीच्या मागे," ते म्हणाले.

गिरणीच्या मागे काय आहे ते सगळ्यांना ठाऊक होतं. एक पडवी, दोन बाक आणि नाचणीच्या दारूचा रांजण. गेल्या वर्षी ती जागा बंद करावी असा ठराव चर्चने केला होता आणि तो मोठ्याने वाचून दाखवणारे स्वतः म्वाम्बेने होते. पाळकसाहेबांनी डोळे मिटले. आत सेकेलाने सुनेच्या बोचक्यावरचा हात घट्ट केला. तिला राग यायला हवा होता. आधी आला तो निःश्वास.

"याला साक्ष?" किबोनांनी विचारलं.

"असतात ते," किबोनांच्याच दोन म्हाताऱ्यांपैकी एक म्हणाला. तो स्वभावाने खरा माणूस होता, आणि दळणाला इकडेच यायचा. "रोज असतात. भिंतीकडच्या बाकावर." मग सगळे आपल्याकडे बघतायत हे त्याच्या लक्षात आलं आणि तो अवोकाडो मोजू लागला.

किबोना उठले. "म्हणजे माझी मुलगी खोटं बोलते. नाहीतर या घरात माणसाशिवाय नुसता आवाज फिरतो. दोन्ही प्रकारे मुलगी इथे राहत नाही. चल गं, आण बोचकं."

लुगानो उठली. सेकेलाने गाठ सोडली नाही. पोरीच्या डोळ्यांत पाणी होतं. "आई, मी खोटं बोलत नाही," ती म्हणाली. "त्यांचाच आवाज असतो. तुमच्या गळ्याची शपथ."

"मला माहीत आहे," सेकेला म्हणाली. तिला काहीच माहीत नव्हतं. पण या मुलीवर शंका घेण्यापेक्षा घरात भूत आहे यावर विश्वास ठेवणं तिला सोपं गेलं.

आणि भूत बोललं.

"मी तुला मारतो," घराच्या मागून म्वाम्बेन्यांचा आवाज आला. स्पष्ट, ठणठणीत, प्रत्येक शब्द सुटा करून. "मी तुला मघाशी मारलं. मी तुला काल मारलं. मी तुला फार पूर्वी मारलं. मी तुला उद्या मारीन."

अंगणातल्या सगळ्या माना म्वाम्बेन्यांकडे वळल्या. म्वाम्बेन्यांची मानही मागे वळली. त्यांचं तोंड बंद होतं. त्यांनी ते हाताने चाचपूनही पाहिलं.

लुगानोने मात्र काही पाहिलं नाही. अंगणातला आवाज बंद दारापलीकडे होता, हा चुलीमागून आला आणि पाय हलले. बोचकं सासूच्या हातात राहिलं, पुढचं दार उघडलं आणि पोरगी बैठकीच्या मधून, बापाच्या अंगावरून, पाळकसाहेबांचं पायताण उडवत केळबागेकडे सुटली. म्वाम्बेने तिकडेच तोंड करून बसले होते. त्यांनी जिवाच्या आकांताने टोपी तोंडावर ओढली.

"मी शेळी चोरली," आवाज म्हणाला. "तू शेळी चोरलीस. आपण सगळ्यांनी शेळी चोरली."

मक्याच्या खोलीकडे पहिला पोचला तो अम्बोकिले. तो या वेळी बघतो म्हणाला नाही, गेलाच. शाबानीला त्याने दंडाला धरून आणलं, काळ्या पेटीसकट. पोरगा तुकुयूहून आला होता, अंगणात घरची बैठक दिसली, आपण मध्ये कशाला, म्हणून मागच्या वाटेने खोलीत जाऊन कामाला बसला होता. सकाळी बाबा जे बोलतात ते दुपारी पुन्हा पुन्हा ऐकायचं आणि लिहायचं, हेच तर त्याचं काम. एकेका शब्दातला स्वर किती लांबतो हे कळायला एक वाक्य वीस वेळा लावावं लागतं. इतके दिवस तो कानात वायरी घालून ऐकायचा, पण त्या वायरी तुमच्या कालवडीने चघळून खाल्ल्या. लहान गोष्ट, म्हणून तो कुणाला बोलला नव्हता.

"आणि मारतो मारतो कशासाठी?" किबोनांनी विचारलं.

"रूपं आहेत ती," शाबानी म्हणाला.  "एकाच क्रियापदाची. आत्ताचं, मघाचं, कालचं, फार पूर्वीचं. तुमच्या भाषेत काळ फार आहेत."

"दुसरं क्रियापद मिळालं नाही?" पाळकसाहेब पायताण शोधत म्हणाले. "प्रार्थना करणे वगैरे?"

"ते घेतलं होतं साहेब. बाबांना त्याची रूपं लवकर आठवेनात. मारणे भराभर आलं."

पेटी पुन्हा लावून बघितली गेली. आधी सगळ्यांनी वाकून ऐकलं, मग किबोनांचा तो खरा म्हातारा हसू लागला, आणि मग थांबवणं कुणाच्या हातात राहिलं नाही. मोबाइलमधून माणसाचा आवाज येतो हे लुगानोला माहीत नव्हतं असं नाही. पण सासऱ्यांचा आवाज आला की सुनेचे पाय आधी ऐकतात, डोकं मागून पोचतं. किबोना केळबागेच्या कडेशी गेले आणि बऱ्याच वेळाने आले. म्हणाले, मुलगी राहते म्हणते. आणि वर असंही म्हणते, की तुम्ही सगळे निघाल्याशिवाय मी बाहेर येत नाही.

हसले नाहीत ते एकटे म्वाम्बेने. त्यांच्या हळूहळू लक्षात येत होतं, की आणखी अर्धी घटका ते गप्प बसले असते, तर पेटीने त्यांना आपोआप सोडवलं असतं. कलंक धुतला गेला होता. कबुली तेवढी मागे उरली होती. पाळकसाहेबांनी जाताना त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि प्रेमाने सांगितलं, की पुढच्या पावसाळ्यापर्यंत मागच्या बाकावर बसा, बाबा, तिथे वारा चांगला येतो.

घरी आल्यावर म्वाम्बेने जेवायला बसले आणि बसल्याबसल्याच म्हणाले, "त्या गिरणीच्या विषयावर घरात एक शब्द नकोय मला."

"मी कशाला बोलू," सेकेला म्हणाली आणि ताक वाढलं. ती खरंच काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशी नाही. म्वाम्बेनेही दुपारी घरीच ओसरीवर बसू लागले. काट्यावर जायची आता सोय नव्हती.

त्या आठवड्यात शाबानी अवघडून सेकेलाजवळ आला. त्याने माफी मागितली, मग आणखी एकदा मागितली, मग अडचण सांगितली. विद्यापीठातल्या बाईंनी सांगितलं होतं, की नुसता पुरुषाचा आवाज चालणार नाही, बाईचाही हवा. वहिनी बोलतील का? लुगानो म्हणाली, आई जवळ बसत असतील तर बोलते, वाक्यं आईंनीच सांगावीत. कोणतं बरं दिसतं, कोणतं नाही, ते मला कळत नाही. तेव्हा एखादं क्रियापद सुचवा, शाबानी म्हणाला. रोजच्या वापरातलं. ज्याची सगळी रूपं घरात सहज ऐकू येतात असं.

सेकेला मक्याची कणसं सोलत होती. तिने हातातलं कणीस पुरं सोललं, दाणे पाटीत झटकले.

"पिणे घे," ती म्हणाली.

वाक्यं पेटीत भरून झाली होती, आणि मक्याची खोली सारवायला घेतल्यामुळे शाबानीने आपली पेटी वरच्या घरी, मागच्या पडवीत आणली होती. नव्या वायरी अजून यायच्या होत्या. म्वाम्बेने ओसरीवर टेकले होते, चहाचा पहिला घोट घेत होते, आणि आतून त्यांच्या सुनेचा आवाज आला. गोड, सावकाश, प्रत्येक शब्द सुटा करून.

"तो दारू पितो. तो मघाशी दारू प्याला. तो काल दारू प्याला. तो फार पूर्वीपासून दारू पीत आला आहे."

म्वाम्बेने उठले. सुनेचा आवाज जिथे, तिथे सासऱ्याने थांबायचं नाही. चहा कठड्यावर ठेवून ते खाली मान घालून केळबागेत शिरले. आवाज थांबला तसे परतले. खुर्चीला पाठ टेकते न टेकते तोच शाबानीने ते वाक्य पुन्हा लावलं. त्यातला एक स्वर त्याला नीट कळला नव्हता. म्वाम्बेने पुन्हा उठले. बोलायचं तर कुणाला? पेटीला उत्तर देता येत नाही, आणि सुनेशी बोलता येत नाही.

तिसऱ्या खेपेला सेकेला त्यांच्या मागोमाग केळबागेत गेली. एका हातात त्यांचं स्टूल होतं, दुसऱ्या हातात चहा. मुंग्या नसलेली जागा बघून तिने स्टूल नीट टेकवलं.

"आरामात बसा," ती हळूच म्हणाली. "पोरीला पुष्कळ रूपं येतात म्हणे."